वय कोण ठरवते?

मराठीत या गोष्टीला चारचौघांसमोर उच्चारता येईल असा शब्दच नाही. एक शब्द वैद्यकाच्या पुस्तकातला, दुसरा न्यायालयाच्या निकालपत्रातला, आणि उरलेले सारे शिव्यांतले. हा लेख लिहावयास घेतला तेव्हा आमची पहिली अडचण शब्दाचीच होती. शेवटी 'शरीरसंबंध' या कोरड्या शब्दावर आम्ही थांबलो. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा. प्रश्न असा की, तरुण माणूस या संबंधांत प्रथम कोणत्या वयात प्रवेश करतो आणि ते वय ठरवतो कोण? तो स्वतः, त्याचे शरीर, की त्याच्या भोवतीचा समाज?

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगून टाकावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आणि समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांतून शिकून, अभियांत्रिकीची पदवी आणि पुढे इथली एम. एस. घेऊन न्यू जर्सीत स्थिरावलेली ही तिशीतली सात-आठ कुटुंबे आहेत. दिवस संगणकाच्या पडद्यासमोर जातो, महिन्यातून एका रविवारी वंदनेला एकत्र येणे होते. आमच्यातील थोरल्यांची मुले आता पाचवी-सहावीत पोहोचली आहेत. एक दिवस शाळेकडून पत्र आले की, या सत्रात मुलांना वयात येण्याविषयी शिकवले जाईल. पालकांची सदसद्विवेकबुद्धीने हरकत असल्यास तसे लेखी कळवावे, मुलाला त्या तासाला बसवले जाणार नाही. त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जितके संदेश आले तितके व्हिसाच्या सोडतीच्या दिवशीही येत नाहीत. निम्म्यांचे म्हणणे एकच होते : इथली मुले लवकर बिघडतात, आपले संस्कार वेगळे आहेत.

संस्कारांची ही गोष्ट आकड्यांच्या उजेडात पाहणे आमच्या धंद्याला साजेसे आहे. भारताच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांच्या पहिल्या शरीरसंबंधाचे मध्यक वय सुमारे १९ वर्षे आले. म्हणजे निम्म्या स्त्रियांचा अनुभव त्याआधीचा, निम्म्यांचा नंतरचा. पुरुषांचे हेच वय २५ च्या घरात आहे. (पुरुष पाहणी करणाऱ्यासमोर किती खरे बोलतात, हा निराळा विषय.) अमेरिकेत ते मुलगे आणि मुली दोघांसाठीही साधारण १७ धरले जाते. भारतीय स्त्री आणि अमेरिकन स्त्री यांच्यात अंतर आहे ते दोनेक वर्षांचे. भारतीय स्त्री आणि भारतीय पुरुष यांच्यात मात्र पाच-सहा वर्षांचे. संस्कार तर दोघांना एकाच घरात मिळाले. मग ही दरी कुठून आली?

उत्तर त्याच सर्वेक्षणात आहे. भारतीय स्त्रीचे लग्नाचे मध्यक वय आणि हे वय जवळपास एकच आहे, आणि पुरुषांचेही तसेच. आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांसाठी तो दिवस पंचांग पाहून, जातीतला मुलगा पाहून, मामा-काकांनी बैठकीत ठरवला. तिला विचारले गेले असेल तर मुलगा पसंत आहे का एवढेच, आणि तेही नशीब असेल तर. ज्याला आपण संयम म्हणतो तो पुष्कळदा लग्नाच्या तारखेचेच दुसरे नाव असतो.

आमच्यापैकी एकाच्या आजीचे लग्न न्हाण येण्याआधी झाले होते. ती सासरी नांदायला गेली ते नंतर, पण तो दिवसही सासूने ठरवला. आजीला आपले वय कधीच नक्की सांगता आले नाही; 'दुष्काळाच्या वर्षी परकरात होते' एवढेच ती सांगे. तिच्या वयाचा निर्णय देशातील मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या सभांत कसा केला, हे आम्हांला पुढे पुस्तकांतून कळले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदावयास नकार दिला आणि तो खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईत गाजला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारावर गेले. दहावरून बारा! एवढ्यासाठी पुण्यात रान उठले आणि लोकमान्य टिळकांनी त्या कायद्याला विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. प्रत्येक वेळी वाद मुलीच्या शरीराचा होता, आणि प्रत्येक वेळी बोलत होते ते बहुतेक पुरुष.

ही एवढी धडपड कशासाठी होती, याचे उत्तर आम्हांला सापडले ते इथून तासाभराच्या अंतरावर लिहिल्या गेलेल्या एका निबंधात. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. त्या निबंधाचे नाव आपल्या कार्यक्रमांत दरवर्षी घेतले जाते, परंतु त्याचा विषय मुळात स्त्री-पुरुषांचे लग्नाचे वय हा आहे, याचा उल्लेख कुणी फारसा करत नाही. बाबासाहेबांची मांडणी अशी : जात म्हणजे कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. पण आत लग्ने लावायची तर स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या समसमान राहिली पाहिजे. नवरा मेला तर एक स्त्री जास्त होते, बायको मेली तर एक पुरुष जास्त होतो. जास्तीच्या स्त्रीची वाट लावण्यासाठी सती आणि सक्तीचे वैधव्य. जास्तीच्या पुरुषाला जातीतच धरून ठेवण्यासाठी, अद्याप लग्नाच्या वयात न आलेल्यांतून त्याला मुलगी द्यायची. बालविवाह तो हा. हिशेब जुळवण्यासाठी वय खाली ओढले गेले.

त्याच निबंधात आपल्या ज्ञानकोशकार केतकरांचा एक उतारा बाबासाहेब घेतात. त्याचा आशय असा की, मुलगी शुद्ध राहायची तर तिला पुढे ज्याच्याशी लग्न व्हायचे त्याच्यावाचून अन्य कुणाविषयी माया वाटता कामा नये. आणि तो कोण हे तिला ठाऊक नसते, म्हणून शरीराची जाणीव जागी होण्याआधीच तिचे लग्न लावलेले बरे. बाबासाहेब त्यावर म्हणतात की, या प्रथांचा गौरव का झाला हे यातून कळते, त्या पाळल्या का गेल्या हे कळत नाही. आमच्या मते साऱ्या विषयाची किल्ली या एका भेदात आहे. गौरवाची भाषा नेहमी शीलाची असते, आणि पाळण्याचे कारण कुठेतरी दुसरीकडे, व्यवहारात दडलेले असते.

तो व्यवहार नेहमी जातीचाच असतो असेही नाही. आमच्यातील दोघे बीड जिल्ह्यातले. तिथे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावेच्या गावे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती माणशी नव्हे, कोयत्यामागे. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला अर्धाच कोयता धरतात. तेव्हा मुलाचे लग्न लवकर झाले की घरात एक पूर्ण कोयता येतो. उलट, मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की आई-बापांपुढे प्रश्न पडतो : सहा महिने तिला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावरच्या कोपीला धड दार नसते, तिथे न्यायचीही भीती. मग तिचेही लग्न. संपूर्ण महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती असे हेच सर्वेक्षण सांगते; बीड आणि परभणी या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर आहे. तिथल्या मुलींना संस्कार कमी मिळाले काय? त्यांच्या पहिल्या रात्रीचे वय मुकादमाच्या उचलीने आणि कारखान्याच्या पट्टा पडण्याच्या तारखेने ठरवले.

आमच्या घरांतल्या मौनालाही असेच एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते सवर्ण घरांतल्या मौनाहून निराळे आहे. मुलगा दहावी होऊन तालुक्याच्या गावी निघाला की आमच्या आया एवढेच सांगत : 'बाबा, पोरींच्या नादाला लागू नकोस.' वरवर पाहता हा सर्व आयांचा सल्ला आहे. पण आमच्या आईच्या आवाजात त्याखाली आणखी काहीतरी असे, आणि ते काय होते ते २०१४ च्या एप्रिलमध्ये जगाला दिसले. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या मुलाला एका मराठा मुलीशी बोलतो या संशयावरून ठार मारले गेले. तीन वर्षांनी खालच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. आमच्यातले काही जण तेव्हा पुण्यात पहिली नोकरी करत होते. त्या आठवड्यात गावाहून आलेल्या प्रत्येक फोनच्या शेवटी आईने तेच जुने वाक्य पुन्हा उच्चारले, आणि या वेळी कुणीही 'काय गं आई' म्हणून ते हसण्यावारी नेले नाही.

प्रेमात पडण्याचे वय, जवळ येण्याचे वय, या गोष्टी समाज ठरवतो असे जेव्हा समाजशास्त्रज्ञ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मित्रमंडळी, चित्रपट, शाळा असे काही असते. जीव जाण्याची भीती हाही एक सामाजिक प्रभाव आहे, हे त्यांच्या प्रश्नावलीत क्वचित येते. आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांचा तथाकथित संयम हा त्या भीतीतून आला होता. आणि मुलींचा? त्यांना वसतिगृहाचे दार सातला बंद होत असे. आम्हा मुलांच्या वसतिगृहाच्या दाराला कुलूप होते की नाही हे आज आठवूनही सांगता येत नाही. कायदाही या भीतीपासून अलिप्त राहिलेला नाही. भारतात २०१२–१३ पासून संमतीचे वय अठरा आहे. लहान मुलांच्या रक्षणासाठी तो कायदा हवाच. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेली की तिचे आई-बापच त्या कलमांखाली मुलावर फिर्याद लावतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी वेळोवेळी नोंदवले आहे.

आता अमेरिकेकडे वळू. 'इथली मुले लवकर बिघडतात' हे वाक्य आम्ही येथे आल्यापासून ऐकत आहोत, पण ते वाक्य जसजसे रूढ झाले तसतशी वस्तुस्थिती त्याच्या उलट सरकत गेली. येथील रोगनियंत्रण केंद्र दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करते. १९९१ मध्ये त्यांतील ५४ टक्के विद्यार्थ्यांनी शरीरसंबंधांचा अनुभव असल्याचे सांगितले होते; २०११ मध्ये ४७ टक्के, २०१९ मध्ये ३८ टक्के आणि २०२१ मध्ये ३० टक्के. शेवटच्या घसरणीत महामारीचा वाटा आहे, पण त्यानंतरही आकडा फारसा वर गेलेला नाही. १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये दर हजारी जन्मांचे प्रमाण १९९१ मधील सुमारे ६२ वरून आता १३ च्या आसपास आले आहे. याची कारणे विद्वान नाना प्रकारे सांगतात : गर्भनिरोधनाची माहिती, एड्सच्या भयानंतर शाळांत आलेले शिक्षण, मुले समोरासमोर भेटण्याऐवजी फोनवरच राहतात हे नवे एकाकीपण. शेवटचे कारण खरे असेल तर आनंद मानण्याचे काही कारण नाही. पण एवढे निश्चित की, शाळेत माहिती दिल्याने मुले लवकर सुरुवात करतात हा आमच्या गटावरचा मुख्य आक्षेप या तीस वर्षांच्या रेषेशी जुळत नाही.

शपथांचा इतिहास तर फारच बोलका आहे. १९९३ मध्ये येथील बाप्टिस्ट चर्चने तरुणांकडून लग्नापर्यंत थांबण्याच्या शपथा घेण्यास सुरुवात केली. लाखो मुलांनी त्या घेतल्या, बोटांत अंगठ्या घातल्या. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये त्याचा परिणाम तपासला. शपथ घेणाऱ्यांची सुरुवात सरासरी दीड वर्षाने लांबली हे खरे ठरले. पण ते केव्हा? शाळेत शपथ घेणारे थोडेच असतील तेव्हा. सगळ्यांनीच ती घेतली की तिचा परिणाम उरत नसे. म्हणजे काम करत होती ती शपथ नव्हे, तर 'आम्ही इतरांहून निराळे' ही छोट्या गटाची ओळख. आणि ज्यांची शपथ मोडली ते पहिल्या वेळी गर्भनिरोधक साधन वापरण्यात इतरांहून मागे होते, कारण तयारी करणे म्हणजे मोडण्याचा बेत कबूल करणे. पुढे २००९ मध्ये जॅनेट रोझेनबॉम यांनी शपथ घेणारे आणि घरची पार्श्वभूमी, श्रद्धा, विचार यांत त्यांच्यासारखेच पण शपथ न घेतलेले तरुण यांची तुलना केली, तेव्हा पाच वर्षांनंतर दोघांच्या वागण्यात फरक उरला नव्हता; फरक होता तो सावधगिरीत.

तिसऱ्या शीलाचा दाखला देऊन आपल्यातले कुणी असेच व्रत मुलांना देऊ पाहतील, म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. पंचशीलातील क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. शील ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. बापाने मुलीच्या वतीने ते घेऊन तिच्या फोनवर पाळत ठेवावी, अशी त्यात सोय नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण आम्हांला सर्वांत विचारात पाडणारे वाटले. एमी शॅलेट यांनी डच आणि अमेरिकन मध्यमवर्गीय घरांत आई-बाप व किशोरवयीन मुले यांच्या मुलाखती घेऊन २०११ मध्ये 'नॉट अंडर माय रूफ' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा किंवा मुलाचा ठरलेला जोडीदार घरी मुक्कामाला राहू देणे डच आई-बापांना शक्य वाटते. अमेरिकन आई-बापांना ते अशक्य वाटते. दोन्ही देशांत सुरुवातीचे वय फारसे वेगळे नाही. पण डच मुलगी आईला सांगून डॉक्टरकडे जाते, अमेरिकन मुलगी आईपासून लपून. आणि कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचे प्रमाण नेदरलँड्समध्ये कितीतरी कमी आहे. आमच्या दिवाणखान्यात असे काही घडेल अशी कल्पना करताना आमचाही घसा कोरडा पडतो, हे नाकारत नाही. पण घसा कोरडा पडणे हा काही युक्तिवाद नव्हे.

मौनाने काय लांबते, हे आम्ही गेल्या वर्षी जवळून पाहिले. आमच्या आधी पुष्कळ वर्षे इथे आलेल्या एका कुटुंबातील, कॉलेजात शिकणारी मुलगी. आमच्यातील एकीला ती 'मावशी' म्हणते. तिने रात्री उशिरा मावशीला फोन केला. तिला कित्येक दिवस त्रास होत होता, डॉक्टरांना दाखवणे आवश्यक होते, आणि ती गेली नव्हती. कारण विचारले तर म्हणाली, 'मावशी, इन्शुरन्स बाबांच्या नावावर आहे. कागद घरी येईल.' येथे मूल सव्वीस वर्षांचे होईपर्यंत आई-बापांच्या विम्यावर राहू शकते, आणि कोणत्या तपासणीचे किती पैसे झाले याचा तपशील विमाधारकाच्या पत्त्यावर जातो. मुलीचे नाते लांबले नव्हते. लांबला होता तो उपचार. दुसऱ्या दिवशी मावशीने अर्धी रजा टाकली आणि तिला अशा दवाखान्यात नेले जिथे उत्पन्नानुसार पैसे घेतात आणि घरी कागद पाठवत नाहीत. दुखणे औषधाने बरे होणारे निघाले. परतताना गाडीत ती म्हणाली की, बाबा मारणार नाहीत हे तिला पक्के ठाऊक आहे. ते फक्त बोलायचे थांबतील. बाबासाहेबांच्या जयंतीला स्त्रीमुक्तीवर सुंदर भाषण करणारे ते गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या धाकट्या मुलाची मैत्रीण सुट्टीत घरी जेवायला येते.

आपण जात सोडली असे म्हणतो. लग्नाच्या वेळी 'आपल्यातलाच' शोधण्यामागे कारणे आहेत. परदेशात तर जास्तच, कारण इथेही आडनाव विचारून अंतर राखणारे भेटतात. पण मुलीच्या शरीरावरचा पहारा हे जातीचे सर्वांत जुने हत्यार आहे, हे ज्या निबंधाने शिकवले त्याच निबंधाच्या वारसांनी ते हत्यार एडिसनच्या घरात पूजेला ठेवावे, याला काय म्हणावे? पहारेकरी बदलला म्हणून पहारा बदलत नाही.

या विषयावर बोलणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असेही गटावर कुणी लिहिले. त्या सदस्याला आम्ही 'समाजस्वास्थ्य'ची आठवण करून दिली. १९२७ पासून १९५३ पर्यंत र. धों. कर्वे यांनी मुंबईत हे मासिक एकहाती चालवले, शुद्ध मराठीत. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे छापील उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लोक शंका विचारतात, तर ज्ञानाने उत्तर देणे हाच त्यावर उपाय, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण अस्पृश्यांच्या राजकीय लढ्याच्या ऐन धामधुमीत त्यांना या खटल्यासाठी वेळ काढावासा वाटला. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. तोही फेटाळला गेला. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत, हजारो दलित स्त्रियांसमोर, त्यांनी सांगितले की मुलांची लग्ने घाईने करू नका, पाळणेही भराभर हलवू नका. त्या मांडवात बसलेल्यांपैकी अनेकींची स्वतःची लग्ने बाहुलीच्या वयात झाली असतील. त्यांनी ते ऐकले आणि पुढच्या पिढीत मुलींना शाळेत पाठवले. आमच्या आया त्या शाळांतून शिकल्या. वय पुढे सरकले ते असे : शाळेच्या प्रत्येक इयत्तेबरोबर एकेक वर्ष. पहाऱ्याने सरकले नाही.

शाळेच्या पत्रावर शेवटी कुणीच हरकत नोंदवली नाही. एक-दोघांनी आणखी चार दिवस कुरकुर केली, मग पत्नींनी परस्पर कागद भरून टाकले. त्यानंतर वंदनेच्या एका रविवारी, मुले खालच्या मजल्यावर खेळत असताना, आम्ही पालकांसाठी एक तास ठेवला. आमच्यातीलच एक डॉक्टर ताई बोलणार होत्या. समोरासमोर विचारण्याचे धैर्य कुणाला होणार नाही हे ओळखून त्यांनी आधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि चिवड्याच्या रिकाम्या डब्यात त्या गोळा केल्या. नाव लिहायचे नव्हते. डबा उघडला तेव्हा जवळपास सगळ्या चिठ्ठ्या मुलींविषयीच्या निघाल्या : फोन कोणत्या वर्षी द्यावा, मैत्रिणीकडे रात्री राहू द्यावे का, शाळेच्या नाचाला पाठवावे का, कुणी फसवले तर. मुलग्यांविषयी एकच होती. अक्षर बाईचे की पुरुषाचे ते ओळखता आले नाही. 'आमचा बारा वर्षांचा आहे. समोरच्याने नाही म्हटले तर ते ऐकून मुकाट्याने घरी यायला त्याला कसे शिकवायचे?'

ताईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. तोवर वेळ संपत आली होती, मुले वर येऊ लागली होती, आणि कुणीतरी खिरीचे पातेले गरम करायला ठेवले होते. पुढच्या महिन्याचा तास त्याच चिठ्ठीवर घ्यायचे ठरले आहे. या वेळी बापांनी आधी बसायचे आहे.